निर्णयकर्त्याच्या मेजावर प्रमाण कसे पोहोचते?

सन २०२२ च्या उत्तरार्धात एका जिल्हा परिषदेच्या बैठकीस आम्हास पाचारण करण्यात आले होते. तो प्रसंग येथे प्रथम निवेदन करणे भाग आहे. कारण प्रस्तुत लेखाचा विषय आम्हास त्या बैठकीतच सुचला, आणि सुचला तोही थोडासा अपमान गिळून. विषयपत्रिकेवर किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षय हा विषय होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे तेव्हा सर्वांच्या हाती आलेले होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी असल्याचे त्यात नोंदले गेले. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ४८ टक्के होते. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून केलेल्या या मोजणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत हे खरे. तथापि लोहाच्या गोळ्यांचे वाटप चालू असताना आकडा खाली येण्याऐवजी वर जावा, ही गोष्ट कोणाही अधिकाऱ्याची झोप उडविणारी होती. शाळांतून आठवड्यास एक याप्रमाणे दिली जाणारी निळी गोळी मुली खात नाहीत, मळमळते म्हणून गुपचूप टाकून देतात, असे शिक्षकांचे सांगणे होते. तेव्हा "तुमच्या आयुर्वेदात यावर काही आहे काय?" अशी विचारणा झाली.

आम्ही हरखलो. पदवी प्राप्त होऊन वीस वर्षे उलटल्यानंतर शासनाच्या दारातून आपण होऊन आलेले हे पहिलेच बोलावणे. आठ दिवस खपून आम्ही एक जाडजूड धारिका सिद्ध केली. पांडुरोगचिकित्सेचे संहितांतील संदर्भ, पुनर्नवादी मंडूर, धात्री लोह व नवायस लोह या कल्पांची घटकद्रव्ये, काही पदव्युत्तर प्रबंधांचे सारांश आणि आमच्या चिकित्सालयात बऱ्या झालेल्या रुग्णांच्या हकिगती. एकूण पृष्ठे चौऱ्याऐंशी.

मुख्य कार्यकारी अधिकारी वयाने तरुण होत्या व वागण्यात अत्यंत सौजन्यशील. त्यांनी धारिका उघडली, चार पाने चाळली, मिटली, आणि विचारले : "डॉक्टर, हे औषध तीन महिने दिले तर हिमोग्लोबिन किती वाढेल? सध्याच्या गोळीपेक्षा जास्त की कमी? एका मुलीमागे महिन्याचा खर्च किती? मोजून कोण देणार, आशा की शिक्षक? औषधात जड धातू मर्यादेत आहेत हे प्रत्येक बॅचमागे कोण लिहून देणार? आणि पुरवठा मध्येच थांबला तर?" यांपैकी केवळ खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी होते, आणि तेही अंदाजाचे. पुनर्नवादी मंडूर गोमूत्रात सिद्ध होते, तेव्हा शाळेत वाटप करताना पालकांस तसे आधी सांगावे लागेल काय, असे आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारले, तेव्हा तर आम्ही निरुत्तरच झालो. नित्य वापरातल्या औषधाविषयी हा विचार आमच्या मनास कधी शिवलाही नव्हता. विषय पुढील बैठकीवर ढकलण्यात आला. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो नव्हता.

परतीच्या प्रवासात आम्ही मनोमन जे म्हटले, तेच आपल्या वैद्यवर्गात अशा प्रसंगी सामान्यतः म्हटले जाते : शासनास आयुर्वेदाविषयी आस्था नाही, सर्वत्र एकाच शास्त्राचा पक्षपात आहे. पक्षपात मुळीच नाही असे आमचे म्हणणे नाही. परंतु त्या दिवशीचे प्रश्न पुन्हा आठवून पाहता त्यांत पक्षपाताचा अंशही आढळत नाही. लोहाच्या नव्या गोळीचा प्रस्ताव घेऊन कोणी आले असते तरी त्यासही हेच विचारावे लागले असते. आपल्यापाशी प्रमाण होते किंवा नव्हते, हा एक प्रश्न; जे होते ते निर्णय घेणाऱ्यास वापरता येईल अशा रूपात होते काय, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण आजवर फारसे लक्ष पुरविलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रमाणविचार आपणास परका नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिस्रैषणीय अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली, आणि विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचा विचार करताना एकेका रुग्णाच्या प्रकृतीपलीकडे जाऊन वायू, उदक, देश व काल यांच्या बिघाडाकडे बोट दाखविले. मात्र व्यवहारात आपण या चारांपैकी आप्तोपदेशावर विसावतो आणि प्रत्यक्ष म्हणून स्वतःच्या चिकित्सालयातील चार यशस्वी रुग्ण दाखवितो. युक्ती, म्हणजे अनेक कारणांचा एकत्र विचार करून फळाचा अंदाज बांधणे, ही खरी निर्णयकर्त्याची गरज. त्या अधिकारी बाईंचे सहाही प्रश्न युक्तीचेच होते.

आता निर्णयकर्त्याच्या बाजूने थोडे पाहू. प्रमाण पुरेसे नाही म्हणून त्याचा निर्णय थांबत नाही. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे, विधिमंडळात प्रश्न लागलेला आहे, वर्तमानपत्रात बातमी आलेली आहे. त्यास शोधनिबंध वाचावयास वेळ नसतो, आणि वाचला तरी एक निबंध एक सांगतो व दुसरा दुसरे. ब्रिटनमधील वैद्य आर्ची कॉक्रेन यांनी १९७२ साली आपल्या पुस्तकातून याच अडचणीवर बोट ठेवले, आणि पुढे १९९३ मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने एकाच प्रश्नावरील सर्व चाचण्या गोळा करून, पारखून, त्यांचा एकत्रित निष्कर्ष मांडण्याचे व्रत घेतले. एवढे करूनही प्रमाण आपोआप धोरणात उतरत नाही, हे कोविडच्या साथीत आपण सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, या उपचाराचे उदाहरण घ्यावे. बऱ्या झालेल्या रुग्णाचा प्लाझ्मा आजारी व्यक्तीस देण्याची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेच घेतली. देशातील ३९ रुग्णालये, ४६४ रुग्ण. आजार बळावणे अथवा मृत्यू यांत त्यामुळे घट होत नाही, हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे प्रमाण परदेशातील नव्हते, जुने नव्हते, आणि ज्या संस्थेचा शब्द उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांत चालतो त्याच संस्थेचे होते. तरीही सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ रोजी. मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली. एप्रिल महिन्यात रात्री-अपरात्री आम्हासही दूरध्वनी येत : "अमुक रक्तगटाचा प्लाझ्मा कोठे मिळेल?" एका कुटुंबाने त्यासाठी तीन शहरे पालथी घातली. रुग्ण वाचला नाही. त्या धावपळीत जो वेळ व पैसा गेला तो रुग्णाच्या उशाशी बसण्यात गेला असता, तर निदान अखेरची भेट तरी झाली असती. प्रमाण वेळेवर न वापरण्याची किंमत कोण भरतो, हे आम्हास त्या महिन्यात उमगले.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, आणि वैद्यांस ते विशेष उद्बोधक वाटावे. अकाली प्रसूतीचा संभव असलेल्या मातेस स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडमध्ये १९७२ साली सिद्ध झाले होते. मोठ्या रुग्णालयांतील त्याचा लाभ निर्विवाद. साहजिकच खेड्यापाड्यांतही ते द्यावे, असा विचार पुढे आला. परंतु २०१५ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील मोठ्या चाचणीने, जिच्यात आपले नागपूर व बेळगाव हे परिसरही अंतर्भूत होते, निराळेच दाखविले. अत्यल्प वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत. सर्व बाळांचा एकत्र विचार करता मृत्यू किंचित वाढले, आणि मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही वाढली. दिवस नीट मोजलेले नाहीत, सोनोग्राफी नाही, त्यामुळे ज्या मातांस गरज नव्हती त्यांनाही औषध गेले. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, गर्भाचे वय नीट ठरवून व नवजात बाळाची शुश्रूषा उपलब्ध असताना झालेल्या दुसऱ्या चाचणीत हेच औषध पुन्हा लाभदायक ठरले. द्रव्य तेच, मात्रा जवळपास तीच. देश बदलला, काल ठरविण्याची सोय बदलली, आणि फळ बदलले. आपल्या शास्त्रात देश, काल, मात्रा यांचा विचार केल्यावाचून औषध योजू नये असे पहिल्या वर्षापासून शिकविले जाते. मग एका प्रांतातील निष्कर्ष दुसऱ्या प्रांतास जसाच्या तसा लावू नये, हे अधिकाऱ्यास समजावून सांगण्यास वैद्याहून अधिक योग्य कोण? पण हे सांगावयाचे तर आधी ती चाचणी वाचावी लागते.

प्रमाणाने धोरण खरोखर बदलले, असे आपल्याच राज्यातील उदाहरण म्हणजे गडचिरोली. ते अनेकांस ठाऊक आहे, पण त्याकडे नवजात बाळांच्या दृष्टीने पाहिले जाते. आम्ही येथे ते निर्णयकर्त्याच्या मेजाच्या दृष्टीने पाहू इच्छितो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातीलच स्त्रियांस शिकवून घरोघरी नवजात बाळाची देखभाल करविली : वजन घेणे, ऊब देणे, गुदमरलेल्या बाळास श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे. काम ३९ गावांत, तुलनेस ४७ गावे. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी २५.५, तर तुलनेच्या गावांत ५९.६. हे १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आले. इतक्या फरकानंतर दुसऱ्याच वर्षी शासनाने ते स्वीकारले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. आशांमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २०११ साली. म्हणजे बारा वर्षे.

या बारा वर्षांत काय घडले, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिले म्हणजे ते काम महाराष्ट्रात इतरत्र आणि पुढे आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेमार्फत अन्य राज्यांतही करून पाहिले गेले. कारण कोणताही सचिव प्रथम हेच विचारतो की, बंगांच्या हातून झाले ते इतरांच्या हातून होईल काय? दुसरे म्हणजे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले व गावोगावी 'आशा' उभी राहिली. 'मोजून कोण देणार' या प्रश्नास तेव्हा प्रथमच उत्तर मिळाले. तिसरे म्हणजे २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. आणि आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, संशोधकांनी इंग्रजी निबंधावर न थांबता २००१ साली 'कोवळी पानगळ' हा बालमृत्यूंचा अहवाल मराठीतून काढला. गावोगावी मृत्यू मोजले असता शासकीय नोंदीत कितीतरी बालके गाळली जातात, हे त्याने दाखविले. लॅन्सेट आमदार वाचत नाहीत. मराठी अहवाल वाचतात, निदान वर्तमानपत्रांत त्यावर आलेले तरी वाचतात. त्यानंतर राज्य शासनास बालमृत्यूंचे मूल्यमापन करण्यासाठी समिती नेमावी लागली, आणि तिचे अध्यक्षपद डॉ. अभय बंग यांच्याकडेच आले. अखेर जो राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यात आशाने इंजेक्शन देण्याचा भाग गडचिरोलीसारखा आला नाही. संस्थेत प्रसूती झाली असल्यास सहा भेटी, घरी झाली असल्यास सात, आणि आशास अडीचशे रुपये मानधन, असे त्याचे रूप ठरले. धोरण प्रमाणाची हुबेहूब नक्कल करीत नाही. त्यातून झेपेल तेवढे उचलते. याविषयी तक्रार करता येईल, पण याची कल्पना आधीपासून असावी.

असो. आता आपल्या घरात डोकावू.

क्षारसूत्राचे उदाहरण आपण अभिमानाने देतो, आणि ते यथार्थ आहे. भगंदरावर क्षारसूत्र व शस्त्रकर्म यांची तुलना करणारी बहुकेंद्री यादृच्छिक चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने घेऊन १९९१ साली प्रसिद्ध केली. क्षारसूत्राने व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ४ टक्के, शस्त्रकर्माने ११ टक्के. मात्र व्रण भरण्यास क्षारसूत्रात आठ आठवडे, शस्त्रकर्मात चार. हे दोन्ही आकडे एकत्र सांगितले तरच प्रमाण पुरे होते. परंतु आपल्या व्याख्यानांतून पहिला आकडा ठळक व दुसरा गुलदस्त्यात, असे आम्ही वारंवार पाहिले आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या रुग्णास चार आठवडे अधिक म्हणजे काय, हे ज्यास कळते तो अधिकारी दुसरा आकडा विचारणारच. तो आपण आधी सांगितला तर विश्वास वाढतो. त्याने शोधून काढला तर पहिल्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

दुसरे उदाहरण अधिक कडू. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळल्याचे तेथील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडे त्यावर निषेधाचे ठराव झाले. रसौषधींचे शोधन-मारण त्यांस काय कळते, असे लेख आले. त्यांतील काही मुद्दे बरोबरही होते. पण निर्णय झाला तो निषेधावर नव्हे. निर्यात होणाऱ्या वनौषधी उत्पादनांस १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी बंधनकारक झाली. येथे एक खोचक प्रश्न विचारावासा वाटतो : असे परीक्षण प्रथम परदेशस्थांनीच का करावे? आपल्या एखाद्या महाविद्यालयाने आपल्या बाजारातील ७० औषधे तपासून निकाल प्रसिद्ध केला असता, तर आपण आरोपीच्या पिंजऱ्यात न राहता साक्षीदाराच्या जागी उभे असतो.

गुळवेलीचे प्रकरण अगदी अलीकडचे. कोविडकाळात घरोघरी गुळवेलीचा काढा होऊ लागला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी तो घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतास इजा झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अनेक केंद्रांतून ४३ रुग्णांची मालिका आली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती कोणती होती याची निश्चिती झालेली नाही; गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात बाजारात येते. हा आक्षेप द्रव्यगुणाच्या दृष्टीने अगदी योग्य होता. परंतु त्यापुढे काय? लाखो लोकांनी गुळवेल घेतली त्या दोन वर्षांत आपण वैद्यांनी किती रुग्णांची यकृतचाचणी नोंदली, किती संशयित दुष्परिणाम कळविले? आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ पासून अस्तित्वात आहे. त्याचा अर्ज आपल्यापैकी कितीजणांनी एकदा तरी भरला, हे ज्याने त्याने आपल्याशी विचारावे. आम्ही स्वतः २०२३ पर्यंत भरला नव्हता, हे प्रांजळपणे नमूद करतो. नोंदी असत्या तर मंत्रालयाच्या मेजावर दोन्ही बाजूंचे आकडे असते आणि जनतेस नेमका सल्ला देता आला असता : कोणी घ्यावी, किती दिवस, कोणत्या रुग्णाने टाळावी. नोंदी नसल्याने एका बाजूस 'विष' व दुसऱ्या बाजूस 'अमृत', एवढाच वाद उरला. आपल्याकडून चुकलेली वा निष्फळ ठरलेली चिकित्सा आपल्या नियतकालिकांतून छापली जात नाही, आणि याच नियतकालिकाचे गेल्या काही वर्षांचे अंक चाळले असता निष्फळ ठरलेल्या चिकित्सेची कथा आम्हास हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही आढळली नाही. (संपादकांनी हे वाक्य गाळू नये, अशी विनंती आहे.) चिकित्सा-चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली, तीत आधी नोंद करून मग चाचणी केल्यास निष्फळ निकाल लपविता येत नाहीत. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस मार्गदर्शकांनी याची सवय लावली पाहिजे.

जगात या कामाच्या रीती आता बऱ्याच बसल्या आहेत. कॅनडात आरोग्यसेवा संशोधनास वाहिलेल्या प्रतिष्ठानाने एक साधा दंडक रूढ केला : एक पान मुख्य मुद्द्यांचे, तीन पाने सारांशाची, पंचवीस पाने तपशिलाची, याच क्रमाने. मंत्री पहिले पान वाचतो, सचिव तीन, आणि कनिष्ठ अधिकारी पंचवीस. आमच्या धारिकेत पहिले पानच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सुरू केलेल्या एका उपक्रमात संशोधक, अधिकारी व सेवा देणारे यांस एका मेजाभोवती बसवून, आधी वाटलेल्या छोट्या टिपणावर मोकळी चर्चा घडविली जाते. हे वाचताना आम्हास विमानस्थानातील तद्विद्यसंभाषेची आठवण झाली. चरकाचार्यांनी तिचे दोन प्रकार केले, संधाय आणि विगृह्य. आपण शासनाशी बोलावयास जातो ते बहुधा विगृह्य संभाषेच्या तयारीने, प्रतिपक्षास जिंकण्याच्या ईर्षेने. जेथे दुसऱ्याच्या मनातील अडचण जाणून घ्यावयाची आहे तेथे संधाय संभाषाच उपयोगी. आपल्या देशात आरोग्य संशोधन विभागाने २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभारली आहे. एखादा उपचार किती खर्चात किती आरोग्य देतो याचा हिशेब ती करते, आणि मुंबईत परळ येथील राष्ट्रीय संस्थेतही तिचे एक केंद्र आहे. आपल्या संघटनेने एखाद्या आयुर्वेदीय कल्पाचा प्रश्न नीट शब्दांत मांडून तिच्यापुढे नेण्याचा विचार करावा, असे आम्ही सुचवितो. निकाल आपल्याविरुद्धही जाऊ शकेल, याची तयारी ठेवून.

आता पुन्हा रक्तक्षयाकडे. २०२४ च्या आरंभी आयुष मंत्रालय व महिला आणि बालविकास मंत्रालय यांच्यात करार होऊन किशोरवयीन मुलींमधील रक्तक्षयावर आयुर्वेदीय उपचार पाच जिल्ह्यांत करून पाहण्याचे ठरले. त्या पाचांत गडचिरोलीचाही समावेश होता. त्याच सुमारास रक्तक्षयावरील आयुर्वेदीय कल्पांची बहुकेंद्री चाचणी आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने जाहीर झाली, आणि तिच्या केंद्रांत वर्धाही आहे. म्हणजे २०२२ मध्ये जे प्रश्न आम्हास विचारले गेले, त्यांपैकी पहिल्या दोहोंची उत्तरे शोधण्याचे काम योग्य मार्गाने सुरू झाले. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र कोणतीही चाचणी आपणास आयती देणार नाही. मुलींना चव रुचते काय, किती दिवसांनी त्या सोडतात, मलावष्टंभ किती जणींस होतो, गोमूत्राविषयी पालक काय म्हणतात, हे गावात बसणाऱ्या वैद्यासच कळणार.

गेल्या वर्षी आम्ही त्याच जिल्ह्यात पुन्हा एक टिपण पाठविले. अधिकारी बदललेले होते. टिपण दोन पानांचे. पहिल्या परिच्छेदात आम्हास काय ठाऊक आहे, दुसऱ्यात काय ठाऊक नाही, आणि तिसऱ्यात एवढीच सूचना की, तालुक्यातील दोन शाळांत आधी हिमोग्लोबिन मोजून, निळी गोळी बंद न करता, ती का खाल्ली जात नाही हे प्रथम पाहावे. आयुर्वेदीय औषधाचा विचार त्यानंतर. आमच्या काही स्नेह्यांस हे टिपण आयुर्वेदाशी द्रोह वाटले. पंधरवड्यात उत्तर आले. त्यात एकच प्रश्न होता : हिमोग्लोबिन मोजण्याचे यंत्र व पट्ट्या कोणत्या लेखाशीर्षातून घ्यावयाच्या? त्याचे उत्तर मिळविण्यास आम्हास दोन महिने व तीन कार्यालये लागली. मोजणी आता सुरू झाली आहे.

या निमित्ताने वाचकांस एक विनंती. ज्या वैद्यांनी गेल्या दोन वर्षांत पांडुरोगी मुलींची चिकित्सा केली असेल त्यांनी आरंभीचे व तीन महिन्यांनंतरचे हिमोग्लोबिन, दिलेला कल्प व त्याची मात्रा, आणि रुग्णाने औषध किती दिवस घेतले, एवढे चार रकाने भरून संपादकांमार्फत आमच्याकडे पाठवावे. रुग्णाचे नाव लिहू नये. ज्यांना गुण आला नाही त्यांच्या नोंदी आधी पाठवाव्यात.